टाकी निघाली, खड्डा राहिला

४ मार्च २०२४. सकाळी ७.
आज अंगणात पुरलेली तेलाची टाकी निघणार. घर तापवायला पूर्वी हेच तेल जळायचं. घर विकत घेणारं जोडपं म्हणालं, आधी टाकी काढा, मग सह्या. उद्या खड्डा बुजवायचा, वर गवताचं बी. ३१ तारखेला चाव्या देऊन आयरीन आणि मी कायमचे फ्लोरिडाला. काळजी अजिबात नाही. न्यू जर्सीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलाय. आमच्याकडे चिकणमाती. तिच्यातून काही झिरपत नाही.

दुपारी.
टाकीला भोकं. नऊ. कंत्राटदार ग्लोरिया क्वारेस्मा म्हणाली, मास्तर, ही टाकी नाही, चाळणी आहे. मी म्हटलं, भोकं बारीक आहेत. गावच्या इन्स्पेक्टरने वाकून वास घेतला आणि तिथूनच राज्याच्या पर्यावरण खात्याला फोन लावला. आमच्या अंगणाला केस नंबर मिळाला.
आयरीनने विचारलं, १९९७ मध्ये तेल सोडून गॅस घेतला तेव्हा टाकी रिकामी करून घेतली होतीस ना? मी म्हटलं, अर्थात. (साधारण खरंच आहे. फोन केला होता. लाइन एंगेज होती.)

७ मार्च.
खड्डा आठ फूट. तेलकट मातीचा ढीग प्लास्टिकखाली, नेमका गॅरेजसमोर. गाडी आत अडकली. चालणं तब्येतीला चांगलं.

१३ मार्च.
लॅबचा रिपोर्ट. खड्ड्याच्या तीन बाजू पास, घराकडची नापास. ग्लोरियाला चिकणमातीचं समजावलं. तिने त्या बाजूची मूठभर माती उचलून माझ्या बुटावर सोडली. रेती. म्हणाली, ही घ्या तुमची चिकणमाती.
संकल्प: कामात बोलायचं नाही.

१४ मार्च.
बोललो.

२० मार्च.
तेल घराखाली शिरलंय, म्हणून पुढच्या पायऱ्या तोडल्या. पोर्च लोखंडी टेकूंवर उभा. पुढचं दार बंद. मागच्या दारातून भिंत आणि माती भरायला आणलेला कंटेनर यांच्या फटीतून जायचं. आयरीन मावते. मीही मावतो, श्वास सोडून. सगळ्या घराला रॉकेलसारखा वास. मला येत नाही. आयरीन म्हणते, तुला सोयीचं तेवढंच येतं.

२६ मार्च.
खड्ड्यात पाणी लागलं. वर तेलाचे रंग, मोरपिसासारखे. मला सुंदर वाटले. ग्लोरिया पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाली, ते कौतुक नसावं. आता नळी पुरून महिनोन्‌महिने पाण्याचे नमुने तपासायचे. घर घेणारं जोडपं पळालं. आयरीनला म्हटलं, बरंच झालं, भाव चढताहेत.

२८ मार्च.
ग्लोरिया आयरीनसमोर सहज बोलून गेली, की रिकामी टाकी एवढं गळत नसते. बायकांनी कामाच्या वेळी गप्पा मारू नयेत. आयरीनने पुन्हा विचारलं. शेवटी एंगेज लाइनचं सांगितलं. ती म्हणाली, सत्तावीस वर्षं एंगेज होती का रे, वॉल्टर?
मी विषय बदलला. ती बदलेना.

३१ मार्च.
आयरीन फ्लोरिडाला बहिणीकडे गेली. दोन आठवडे, फार तर तीन. खोकी मात्र चौदा नेली. म्हणाली, नमुने घ्यायला येतील त्यांना आत कोण घेणार, तू थांब. पटलं. जबाबदारीचं काम आहे.

२ जुलै.
नमुना नापास, पण थोडक्यात. आयरीनला फोनवर पास सांगितलं. तिने रिपोर्टचा फोटो मागितला. कॅमेरा बिघडला.

९ ऑक्टोबर. सकाळी ११.
पत्र आलं! माती स्वच्छ, पाणी स्वच्छ, केस बंद. मी म्हणतच होतो. गुरुवारचं विमान बघितलं. आता आयरीनला फोन.

दुपारी २.
पत्र शब्दन्‌शब्द वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान झालं. मग म्हणाली, ऑगस्टमध्येच फ्लॅट घेतलाय, एका बेडरूमचा. मी म्हटलं, दोघांना पुरे. ती म्हणाली, एकटीसाठी घेतलाय, वॉल्टर.
म्हटलं, एका टाकीपायी? ती म्हणाली, टाकीचं मी कधीच सोडून दिलं असतं.
मी पत्राची घडी घातली. मग तिने विचारलं, जेवलास का?
हो म्हटलं. जेवलो नव्हतो.