शेवयाचे यंत्र कोणी न्यावे

मी, भागीरथाबाई रामाजी लोणारे, धर्म बौद्ध, वय कागदोपत्री सहासष्ट, गिरणीच्या रीळ खात्यातून निवृत्त, राहणार पाचपावली, नागपूर, हे मृत्युपत्र आपल्या मनाने व आपल्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला राग आलेला आहे हे खरे, पण राग म्हणजे वेड नव्हे, एवढे वकिलांना विचारून घेतले आहे. अक्षर वाकडे दिसेल. गिरणीतल्या पेट्यांवरची नावे वाचून वाचून शिकले, त्याला तेवढेच वळण.

१. दोन खोल्या व टिनाचे छप्पर मुलगा रुपराव व सून अरुंधती यांना सारखे. सारखे म्हणजे घरटॅक्सच्या पावतीवर सुनेचे नाव लागले पाहिजे. रुपराव खापरखेड्याच्या वीजघरात, घर झाडते ती.

२. पोस्टात जे आहे ते नातीच्या शिक्षणाला. माझी तेरवी करू नये. ती आपण छप्पन सालीच सोडली.

३. बिडाचे शेवयाचे यंत्र, पितळी चकत्यांसह, अरुंधतीला. रुपरावला नाही, आणि का नाही ते त्याला माहीत आहे. तरी लिहिते.

हे यंत्र मी इतवारीच्या भंगारातून आणले तेव्हा आतले मळसूत्र नळीत असे गच्च धरले होते की आमचे घरधनी म्हणाले, "यंत्र नाही वं हे, धोंडा आहे. दाराले टेकू लाव." मी टेकू लावला नाही. मातीच्या तेलात बुडवून ठेवले आणि रोज मुठीला थोडा हिसका दिला. एके दिवशी कुरकुरले आणि सुटले. मग काटोलच्या गाड्यांतून उतरणारी, बाजारात फेकून देतात ती आंबट गळकी संत्री आणली, यंत्र उकलून त्याचे सुटे भाग त्यांच्या रसात घातले. सकाळी घातले तर दुपारी काढावे. रात्रभर ठेवले तर रस गंज खाऊन झाल्यावर लोखंड खायला बसतो, पाहुण्यासारखा. नंतर विटेची भुकटी, नारळाची शेंडी आणि मनगट. शेवटी राखेच्या पाण्यातून काढून चुलीजवळ कोरडे करावे आणि अंग कोमट असतानाच जवसाचे तेल लावावे. मळसूत्राच्या आट्यांना जवस नको, चिकटते. तिथे शेंगदाण्याचे.

रुपरावने काय केले? एका सुटीत गंज न काढता वरून चांदीचा रंग मारला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. त्या वर्षी गल्लीने चमकणाऱ्या शेवया खाल्ल्या. तो रंग खरवडायला मला अख्खा उन्हाळा लागला. ज्याला गंज झाकावासा वाटतो त्याच्या हाती लोखंड देऊ नये.

४. होळीपासून वैशाखापर्यंत हे यंत्र गल्लीत घरोघरी फिरते. ते तसेच फिरावे. पण पुढच्या अटीवर. अट का, तेही लिहिते, नाहीतर म्हणतील म्हातारी खडूस होती.

दर वर्षी यंत्र गल्लीच्या त्या टोकाच्या पार्वतीबाई देवघरे यांच्याकडून परत आले की तांबडे होऊन येई. इतर घरांतून पीठ चिकटलेले येई, पण तांबडे नाही. मी तेल्याशी भांडले, भेसळ करतो म्हणून. त्या गरिबाने पोराची शपथ घेतली. यंदा मी ते आणायला न बोलावता गेले. त्यांच्या अंगणात बादली, बादलीत माझे यंत्र, वर तुळशीची पाने तरंगत होती, आणि वास गोमूत्राचा. कालपासून भिजत होते.

मी विचारले, "काहून वं पार्वतीबाई, हे काय करून राहिली?"

ती गोड आवाजात म्हणाली, "रागावू नको वं भागीरथा. देवाच्या निवदाच्या शेवया असतेत ना. तुले काही म्हणून राहिली का मी?"

नाही. मला काही म्हटले नाही. माझे यंत्र चालले, माझा हात धुऊन काढला. आणि तो गंज दर वर्षी कोणी काढला? याच हाताने. बोटांची सालपटे निघाली संत्र्याच्या रसात, आणि मी समजत होते की नागपूरची हवाच तशी.

म्हणून अट अशी: ज्या घराला यंत्र न्यायचे असेल त्या घरातल्या बाईने आधी आमच्या घरात बसून, याच यंत्राच्या शेवयांची एक वाटी खावी. मग खुशाल न्यावे. जातीचा, धर्माचा कोणालाही मज्जाव नाही. मज्जाव करणे मी भोगले आहे, मी करणार नाही.

पुरवणी, सही करण्याआधी. वर लिहिलेले सगळे, साक्षीला बोलावलेले दादाजी सोमकुवर यांना वाचून दाखवत असताना पार्वतीबाई स्वतः दारात आल्या. धाकटीचे लग्न वैशाखात आहे, रुखवतावर शेवया पाहिजेत, आणि गल्लीत दुसरे यंत्र नाही. सोबत सून सुमती. मी म्हटले, बरे झाले, एक साक्षीदार कमीच होता. खाली त्यांचे नाव लिहिले, चौथे कलम पुन्हा वाचले. अरुंधतीने वाट्या आणल्या. पार्वतीबाईंनी वाटी घेतली, पदराखाली झाकली आणि म्हणाल्या, "घरी जाऊन खाते वं. आज माझा उपास हाये."

"घरी गेलं की उपास सुटते का?"

त्यांनी वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि निघाल्या. गल्लीतून हाक मारली, "सुमे, चाल." सुमती एकदा दाराकडे पाहून खाली बसली. घाईत अर्धी शेवई लुगड्यावर सांडली. पण वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाली, "गूळ कमी हाये, आजी." दादाजी हसले. मला हसू आले नाही. त्या पोरीला अजून त्याच घरी परत जायचे होते.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणाले होते, म्हणून सुमतीला मी काही देत नाही. यंत्र ती मी जिवंत असतानाच, आज, लग्नासाठी नेत आहे. त्या घरात कोणी ते बादलीत घातले, किंवा या वाटीवरून तिला घालूनपाडून बोलले, तर तिने इथे निघून यावे. यंत्रासकट. अरुंधतीने दार उघडावे, मी असो वा नसो.

सही: भागीरथाबाई रामाजी लोणारे

साक्षीदार:
१. दादाजी सोमकुवर, गिरणीतले निवृत्त जॉबर (सही)
२. पार्वतीबाई देवघरे (हे नाव मी खोडले आहे. भा. रा. लो.)
२. सुमती मार्तंड देवघरे (सही)

पाचपावली, नागपूर
दिनांक १६ एप्रिल १९७८