पाठीवरचा भार

आर्वी, ४ मार्च १९५३
आल्यापासून स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: सागाचा पोकळ ओंडका, दीड इंची भोकांचा, गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा झुला, चिकणमातीचं वारूळ, पिंजऱ्याचं कुलूप. शिकलो कोणाकडेच नाही. अण्णाजी मालगुजार बागेतले प्राणी माझ्यावर सोपवून खुशाल नागपूरला गेले. अस्वलीण दिवसभर एका जागी डोलत राहायची. आज भोकांतली मोहाची फुलं ओढून खाताना डोलणं विसरली. मला हसू आवरेना.

८ मार्च
सर्कसवाला प्रेमदास आला होता. अण्णाजींनी हिचं पिलू गेल्या महिन्यात त्याला विकलं. ते दूध पीत नाही म्हणे. म्हणाला, महिनाभर ही अस्वलीण माझ्याकडे द्या, भाडं देतो. निर्णय माझ्यावर होता. हिचं आत्ता कुठे बस्तान बसलंय, माझ्या वस्तूंनी. नाही म्हटलं.
पिंजरे झाडणारी भागाबाई झाडू टेकवून म्हणाली, "मिस्त्रीजी, झुला तं देल्ला तुमी. पोर कोन देईन तिले?"
अडाणी बाई. अस्वलाला काय कळतं?

१३ मार्च
सर्कशीतून पिलू मेल्याचा निरोप आला.
सकाळी वारुळाच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले. पट्टीनं मोजले, दोन इंच. हिचा पंजा सातचा. कुलूप जसंच्या तसं.

१५ मार्च
हिच्या पाठीवरचे केस दोन जागी मुठीत धरल्यासारखे ओढलेले. चालते अगदी जपून. झुल्याखालून जाताना वाकते. भागाबाई सांगते, रानात अस्वलीण पिलाला असंच पाठीवर घेऊन हिंडते. हिच्या पाठीवर मला तरी काही दिसत नाही.
फुलं खात नाही. काढते, नि खांद्यावरून मागे धरते.

१८ मार्च
गेली. पोट खपाटीला गेलेलं. फुलांचा ढीग पाठीमागे — एकही खाल्लेलं नाही —
पुरलं तेव्हा पाठीवरचे केस मोकळे होते. सरळ.

१९ मार्च
सकाळपासून खांदे जड. सदरा मागून दोन जागी चुरगळलेला. भागाबाई माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत राहिली. दुधाची वाटी ठेवून गेली —

२०
वाकूनच चालतो. दारातून जाताना जपावं लागतं — त्याचं डोकं —
मानेला ओलं नाक. गुणगुणतं.

दूध पीत नाही. वाटी खांद्याशी धरली तरी — फुलं कुस्करून — नाही —
ओंडक्याजवळ नेलं. माझ्या हातचा आहे म्हटलं — तोंड फिरवतं —
आईच हवी. महिनाभरच मागितली होती प्रेमदासनं, परत आणून देणार होता, मी नको म्हटलं, पन्नास रुपये देत होता —