रिंगा बसेपर्यंत

आई, काल तुझी गाडी पुन्हा नीट सुरू झाली. तू गेल्यापासून ती आपल्या उस्मानपुऱ्यातल्या घराच्या जिन्याखाली उभी होती आणि मी दर दिवाळीला तिच्यावरची धूळ पुसून पुन्हा चादर टाकत होते. या उन्हाळ्यात मी रिटायर झाले. घरात करमेना, म्हणून एका सकाळी टाकी धुतली, नवं पेट्रोल घातलं आणि किक मारली. पायाला काही जोरच लागला नाही, किक नुसती खाली गेली. बऱ्याच वेळानं इंजिन लागलं आणि एवढा निळा धूर निघाला, की समोरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. मला मात्र हसू आलं. हा धूर माझ्या ओळखीचा होता.

तो पहिल्यांदा बघितला तेव्हा मी कॉलेजात होते. तू करमाडच्या पुढच्या खेड्यांची नर्स. बाबा गेल्यावर त्यांची मोटरसायकल तू स्वतः शिकलीस, साडीवर, मागं लसीचा डबा बांधून. ज्या वस्त्यांवर एसटी जात नव्हती, तिथं तू जायचीस. मग गाडी चढावर दम टाकायला लागली, ऑइल प्यायला लागली, मागून निळा धूर. दवाखान्याच्या साहेबांनी सांगितलं, गाडी जमत नसेल तर शहरात या, ती गावं दुसऱ्या कुणाला देऊ. दुसरी एखादी खूश झाली असती. तू त्या दिवशी ताटावरून तशीच उठलीस. करमाडच्या पुढं एका वस्तीवर तुझी एक पहिलटकरीण होती, अंगात रक्त कमी असलेली, आणि तिचे दिवस भरत आले होते.

गॅरेजवाले मिस्त्रीचाचा म्हणाले, "मॅडम, इंजन खल्लास है. बेच डालो."

"खल्लास म्हंजे नेमकं काय झालंय, ते दाखवा आधी," तू म्हणालीस.

चाचा हसले, पण त्यांनी दाखवलं. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं आणि प्लग लावून तुला किक मारायला सांगितली. किक एकदम जड झाली. "देखो, तेल गया तो दम आ गया. मतलब पिस्टन के रिंगां घिस गये. तेल से भी दम नहीं आता तो वॉल्व्ह का झगडा था." त्यांच्याकडं कामाची रांग होती, पंधरवडा तरी थांबा म्हणाले. तुला थांबणं शक्य नव्हतं. तू म्हणालीस, मग खोलायचं कसं ते सांगा, झिजलेला सिलिंडरचा ब्लॉक मी आणून देते.

आपल्या स्वयंपाकघरात फरशीवर पेपर पसरलेत. तू हेड उतरवते आहेस, मी बोल्ट वाटीत ठेवते आहे. ब्लॉक चिकटलाय, निघत नाही, म्हणून मी फटीत पेचकस घालते आणि तू माझ्या मनगटावर फटका मारतेस. "कड गेली तर जन्मभर गळंल ते. लाकडानं ठोक, हळू." ब्लॉक वर येतो, पिस्टन उघडा पडतो. खालच्या भोकात तू तुझ्या सुती साडीचा तुकडा कोंबतेस, पिनची क्लिप उडाली तर थेट इंजिनात जाऊ नये म्हणून. ती साडी गुलमंडीच्या बाजारातून बाबांनी आणलेली होती. मी तुझ्याकडं बघितलं. "बघते काय? विरलीच होती," तू म्हणालीस. मी कौतुकानं म्हणाले, आई, तू याला पेशंटसारखं बघतेस. तुला ते आवडलं नाही. "पेशंटचे पार्ट बाजारात मिळत नायत," एवढंच बोललीस.

चाचांनी ब्लॉकला बोअर मारून, म्हणजे आतून घासून गोल करून दिला, नवा पिस्टन दिला. तू रिंगांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना ठेवून ब्लॉक बसवलास. गाडी सुरू झाली तेव्हा तू सायलेन्सरमागं हात धरलास आणि तळवा बघितलास. कोरडा होता, ऑइलचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच तू वस्तीवर गेलीस. त्या बाईला तू वेळेत घाटी दवाखान्यात पोचवलंस. मुलगी झाली. आठवड्यानं तू पेढे घेऊन आलीस, जसं काही आपल्याच घरी झालं होतं.

यंदा मी एकटीनं खोललं. ऑइल घातल्यावर किक जड झाली, म्हणजे रिंगाच. पण हेड उलटं करून रॉकेल ओतलं, तर वॉल्व्हखालूनही झिरपत होतं. मग घासायची पेस्ट लावून वॉल्व्ह तळहातांत फिरवत बसले, थेंब यायचा थांबेपर्यंत. बोअरवाला म्हणाला, "ताई, गाडीच्या मालकाला पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो." म्हटलं, मालक गेल्या, आता मलाच सांगा. त्यानं खुर्ची पुढं केली.

नव्या रिंगा घासून नीट बसेपर्यंत गाडी हळू चालवायची असते. चाचांनी तुलाही तेच बजावलं होतं, आणि म्हणून त्या दिवसांत तू रविवारी मला मागं बसवून जालना रोडनं करमाडपर्यंत न्यायचीस. एरवी तू भरधाव जायचीस, वाऱ्यात काही ऐकू यायचं नाही. घरात तू बोलायचीच कमी. पण त्या संथ रस्त्यावर तू बाबांबद्दल बोललीस, पहिल्यांदाच. "तुझ्या बाबाला गाडी येत नव्हती नीट. लई घाबरायचा. मला मागं बसवलं की आधी घसा खाकरायचा." तू हसलीस आणि तुझी पाठ हलली, माझ्या हाताखाली. "मी बाळंतपणं करत हिंडायचे आणि तो आजारी पडला तेव्हा मला वेळेवर कळलं नाय," हेही तिथंच म्हणालीस, पुढं बघत. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. मग रिंगा बसल्या, तू पुन्हा वेगानं जायला लागलीस, आणि आपलं ते बोलणं थांबलं.

हे पत्र लिहून झालं की कपाटात ठेवीन. आज सकाळी मी करमाडपर्यंत जाऊन आले, ट्रकना वाट देत, रस्त्याच्या कडेकडेनं, हळूहळू. तू बोललेलं अक्षर न् अक्षर मला पाठ आहे, आई. पण खरं सांगू? तुझा आवाज आता आठवत नाही.