पंधरा केव्हीएचं माहेर

पिंप्राळा, जळगाव
चैत्र वद्य नवमी

रा. रा. सुकदेवनाना यांस, आपला व्याही जीवराम याचा पिंप्राळ्याहून साष्टांग नमस्कार. विहीणबाईंना आमच्या दोघांचा नमस्कार, जावई नवीनरावांना आशीर्वाद, आणि कामिनीला काय सांगायचं ते तिची आई, आमच्या लताबाई, रोज फोनवर सांगतातच.

इकडे सर्व खुशाल. आपल्या गुडघ्याचं मात्र नीटसं कळत नाही. परवा फोनवर विचारलं तेव्हा आपण ‘आहे तसाच’ म्हणालात आणि मागून विहीणबाई ‘बरा आहे’ म्हणाल्या, तेव्हा कोणाचं खरं धरायचं? आपल्या फोनचा स्पीकर कायम चालू असतो (विचारावं आपल्याला आणि उत्तर यावं स्वयंपाकघरातून), त्यामुळे व्याह्यानं व्याह्याशी दोन शब्द बोलायचे तर पत्राशिवाय सोय राहिली नाही. शिवाय मी बत्तीस वर्षं पोस्टात काढली. लोकांच्या पत्रांवर शिक्के मारता मारता स्वतःची लिहायची राहून गेली, ती आता लिहितो. आधीच सांगून ठेवतो, हे पत्र म्हणजे विनंती नव्हे. केवळ माहितीसाठी आहे.

फाल्गुनात आपल्याकडे शिरपूरला कामिनीचं डोहाळजेवण झालं. थाट उत्तम होता, जिलेबीला नाव ठेवायला जागा नव्हती. त्या वेळी चाळीस बायकांच्या देखत मी म्हटलं की पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आपल्या आखाजीच्या, आत लेकीला घेऊन जातो. त्यावर आपण सुपारी कातरत म्हणालात, ‘‘जीवरामभाऊ, तुमच्या जळगावला लाइटीचा भरवसा नाही. भर वैशाखात दिवस भरत आलेली पोर कशी पाठवू? आमच्याकडे कसं, लाइट जातच नाही.’’ आपण रागानं बोलला नाहीत, हे मी मान्य करतो. आपल्याला मागच्या मे महिन्यातला आमच्याकडचा आमरस आठवत होता, हेही मान्य करतो. लाइट गेली ती पाच तास, आणि आपण एका हातानं रस खाल्लात, दुसऱ्या हातानं वर्तमानपत्राचा वारा घेतलात. (इन्व्हर्टर होता, पण त्याचा जीव दोन बल्बांचा.) तरीही बोलणं लागलंच. परतताना अमळनेरची गाडी चुकली म्हणून धुळ्यावरून आलो. धुळ्याच्या स्टँडवर चहा घेताना लताबाईंना सांगून टाकलं की लेक आपल्याच घरी येणार आणि घरभर चालेल असा जनरेटर बसणार. त्या म्हणाल्या, आधी चहा प्या, गार होतोय.

जनरेटर बसवणारा हितेंद्र म्हणून एक तरुण इंजिनियर आहे. माणूस फार सज्जन, पण वही काढून बसला की घरातली एकेक वस्तू विचारतो. पंखे किती, कूलर किती, पाण्याची मोटर केवढी. मी पाच केव्हीए ताकदीचं मशीन सांगितलं होतं. लताबाई म्हणाल्या, घरघंटी धरा. मग मिक्सर धरला, फ्रिज धरला, बाळाच्या अंघोळीला गिझर धरला. (वैशाखात आमच्या नळाचं पाणी तसंच उकळतं, हे मी सांगून पाहिलं.) शेवटी बाळाच्या खोलीत एसी धरला आणि वही पंधरा केव्हीएवर थांबली. लाइट गेली की दहा सेकंदांत मशीन आपोआप सुरू, आली की आपोआप बंद, कोणी उठायचं नाही. आवाज किती, असं विचारलं तर हितेंद्र म्हणाला, दोन माणसं बोलतात इतकाच. कोणती दोन माणसं ते त्यानं सांगितलं नाही. आता अनुभवानं सांगतो, आमच्या शेजारच्या कुंदाबाई आणि त्यांची जाऊ.

मशीनसाठी अंगणात सिमेंटचा ओटा घातला. हितेंद्रनं बजावलं, आठ दिवस पाणी मारा, त्यावर काही ठेवू नका. मी सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, एवढी सेवा तुळशीचीही कधी केली नव्हती. आठव्या दिवशी मशीन घेऊन ट्रक आला, मागून क्रेन आली, सगळी गल्ली दारात उभी राहिली. पाहतो तर ओट्यावर धोतरं अंथरलेली आणि त्यावर दीडशे बिबडे थापलेले! आता नाना, आपण खानदेशातले, आपल्याला काय सांगायचं. चैत्राचं ऊन, गुळगुळीत कोरा ओटा, वर पानाची सावली नाही. गल्लीतल्या बायकांनी पहाटेच पापडांसाठी ज्वारीचं पीठ शिजवून तो ओटा ताब्यात घेतला होता, आणि त्यांच्या पुढारी होत्या आमच्याच लताबाई. हितेंद्रनं हात जोडले. कुंदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘बठ्ठा बिबडा ओला शेतस, भाऊ. वाळाशिवाय हात लावानं नही.’’ एकीकडे सगळे ओले बिबडे, दुसरीकडे ताटकळलेली क्रेन, आणि मला न्याय द्यायला सांगितलं. बत्तीस वर्षं काउंटर सांभाळलेला माणूस मी, पण ओला बिबडा उचलला की फाटतो, हे खरंच आहे. तेव्हा क्रेन चार वाजेपर्यंत उभी राहिली. क्रेनवाला, ट्रकवाला आणि हितेंद्र आमच्या पडवीत बसून अर्धे सुकलेले बिबडे शेंगदाण्याच्या तेलाशी खात होते आणि अधूनमधून उठून ओट्यावरचे दाबून पाहत होते. चार वाजता क्रेनवाल्यानंच सांगितलं, झाले. तोवर दीडशेचे नव्वद उरले होते.

मग दुसरी अडचण आली. फाटकाजवळच्या कडुलिंबाची एक जाड फांदी अंगणावर आडवी गेली आहे, क्रेनचा दांडा तिच्याखालून जाईना. हितेंद्र म्हणाला, काका, फांदी तोडू, दहा मिनिटांचं काम. मी नाही म्हटलं. त्यामागे शुद्ध तांत्रिक विचार होता. एक तर झाड तोडायला परवानगी लागते, फांदी झाली तरी ती झाडाचीच. दुसरं, दुपारनंतर तिची सावली बरोबर ओट्यावर येते, मशीन थंड राहील. तिसरंही एक कारण होतं, ते आता आठवत नाही. शेवटी मशीन फाटकाबाहेरच उतरवलं आणि लोखंडी पाइपांवर ठेवून गल्लीतल्या अकरा माणसांनी ढकलत ढकलत ओट्यावर नेलं. त्यात फाटकाचा एक खांब कलला. सध्या आमचं फाटक अर्धंच उघडतं, पण येणाऱ्याला आडवं होऊन सहज येता येतं. (गरोदर बाईला येईल इतकं उघडतं, हे मी लताबाईंना उभं करून, पोटाशी उशी बांधून तपासलं आहे.)

पूजा झाली. मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि लताबाईंनी झेंडूचा चांगला हातभर जाड हार समोरच्या जाळीला बांधला. जाळी म्हणजे मशीनचं नाक, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दर गुरुवारी सकाळी दहाला मशीन आपलं आपण सुरू होऊन स्वतःची तपासणी करतं, हे मात्र हितेंद्रनं सांगितलं होतं आणि मी विसरलो होतो. गुरुवार होता. आरती ‘सुखकर्ता’वर आली आणि मशीननं एक श्वास घेतला. हार आत गेला. पुढच्या क्षणी दुसऱ्या बाजूनं झेंडूच्या पाकळ्यांचा असा लोट निघाला की कुंदाबाईंच्या दाराशी त्यांचे यजमान दाढी करत बसले होते, ते फेसासकट पिवळे झाले. हितेंद्र चिमटा घेऊन दोन तास जाळीत बसला. एवढं होऊनही मशीनला काही झालं नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

यानंतर जे झालं ते लिहायला जीव धजत नाही. लाइट जाईचना! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अकरा दिवस सलग वीज. जन्मात असं झालं नव्हतं. मी दुपारभर खुर्ची टाकून पंख्याकडे पाहत बसायचो. लताबाई म्हणाल्या, मेन स्विच पाडा आणि बघा. पण ती मी घालवलेली लाइट, तिला काय अर्थ? लाइट स्वतःहून जायला हवी. शेवटी खांबावर चढलेल्या वना वायरमनला खालून विचारलं, की बाबा, आमच्या गल्लीचा नंबर कधी? तो धुळ्याकडचा. वरूनच म्हणाला, ‘‘काका, बठ्ठी लाइन नवी टाकेल शे. आते लाइट कसाले जाई?’’ आणि माझं तोंड पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, खाली उतरून पाणी विचारलं, माझी विचारपूस केली.

काल मात्र देवानं ऐकलं. दुपारी अडीचला, चव्वेचाळीस डिग्रीत, लाइट गेली. आणि नाना, मी झोपलेलो होतो. ज्या क्षणासाठी एवढा उद्योग केला, तो क्षण मी घोरत घालवला. पंखा जरा मंदावला आणि पुन्हा लागला, एवढंच लताबाईंनी पाहिलं. मी पाचला उठलो तर बैठकीत उभं राहायला जागा नाही. कूलरसमोर तीन तान्ही पोरं, सोफ्यावर कुंदाबाईंच्या सासूबाई, देवघराच्या प्लगला नऊ मोबाइल, आणि माझ्या आरामखुर्चीत एक गृहस्थ माझंच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना गल्लीत कोणीच ओळखत नाही. रस्त्यानं चालले होते, वारा लागला म्हणून आत आले. लाइट साडेपाचला परत आली, पण मंडळी आठपर्यंत उठली नाहीत, कारण आली हे कळलंच नाही. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. घर असं भरलेलं कामिनीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. तिची खोली तेवढी लताबाईंनी कुलूप लावून ठेवली आहे. तिथे कोणालाही प्रवेश नाही, मलाही नाही.

तर अशी सगळी हकिगत. गुडघ्याला एरंडेल लावून शेकत जा, विहीणबाई काहीही म्हणोत. लोभ आहेच, तो असाच असू द्या.

आपला,
जीवराम

ता. क. १ : आखाजीला अजून नऊ दिवस आहेत. कामिनीला त्याआधी पाठवावं. वर विनंती नव्हे असं लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं.

ता. क. २ : आत्ताच कामिनीचा फोन आला. परवाच्या वादळात आपल्या गल्लीतला विजेचा खांब पडला आणि दोन दिवस शिरपूरला आपणच ओलं धोतर पांघरून बसला आहात, असं कळलं. मी हसलो नाही. लताबाई साक्षीला आहेत. कामिनीबरोबर आपण आणि विहीणबाईही या. बैठकीतली आरामखुर्ची मी त्या गृहस्थांकडून सोडवून ठेवतो.

ता. क. ३ (हे मी, लता, लिहिते आहे) : विहीणबाई यशोदाताईंना नमस्कार. यांचं पत्र पोस्टात टाकायला नेताना वाचलं. फांदीचं तिसरं कारण हे विसरले म्हणतात, म्हणून सांगते. कामिनी चार वर्षांची असल्यापासून तिचा आखाजीचा झोका त्याच फांदीला असतो. सोमवारी हे बाजारातून नवा दोर घेऊन आलेत, आणि रोज सकाळी शेजारी उठायच्या आत फांदीला स्वतः लोंबकळून बघतात, कामिनीचं वजन पेलेल का म्हणून. ताई, लाइट असो नसो, पोरीला झोक्यावर नुसतं बसायला तरी पाठवा.