भिंगरीला मानवणारी गाडी

प्रिय भिंगरीच्या आई,

'प्रिय' वाचून दचकू नकोस. पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून केली, त्यात काही काळंबेरं नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. या वेळी मुद्दा बाजूला राहून चालणार नाही. म्हणून गॅरेजचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. कागदाला ग्रीसचे डाग लागलेत, तिकडे दुर्लक्ष कर.

तुझे हे गेल्या महिन्यात माझ्याकडे आले होते. चष्म्याचं दुकान बंद ठेवून. तेव्हा काय झालं ते त्यांनी तुला सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. सांगितलं असलं तरी माझी बाजू सावरूनच सांगितलं असणार, माणूसच तसा दिसतोय, तेव्हा माझ्या तोंडून पुन्हा ऐक. मी एका गाडीखाली आडवा होतो. बाहेर पॉलिश केलेले बूट येऊन थांबले आणि कोणीतरी खाकरलं. बाहेर सरकून बघतो तर हे. म्हणाले, जुनी पण चांगली, घरच्यांना नीट बसता येईल अशी गाडी घ्यायचीय, तुम्ही तपासून द्याल का? आता तूच सांग, या शहरात जुन्या गाड्या तपासून देणारा मी काय एकटाच आहे? बायकोच्या पहिल्या नवऱ्याकडे कोणी आपण होऊन येतो, तो सहज म्हणून येत नाही. मी तोंडाने 'या, बसा' म्हटलं आणि मनात म्हटलं, हा गडी काहीतरी शोधायला आलाय.

संशयी, संशयी म्हणून तू मला नावं ठेवत गेलीस, पण माझं पोटच संशयावर चालतं त्याला मी काय करू? विकणारा सांगतो, आमच्या काकांची गाडी, जेमतेम बाजारापर्यंत जायची. मी दाराला लोहचुंबक लावतो, तर तो चिकटतच नाही. म्हणजे आत पत्रा नाही, नुसती पुट्टी भरलेली. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला की टोकाला चिखलाची रेघ दिसते, म्हणजे काकांची गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. गोड बोलणाऱ्याला मी आधी खाली वाकून बघतो. आणि तुझे हे तर भलतेच गोड बोलतात. मला दादा म्हणतात. वयाने माझ्याहून मोठे असतील.

बरं, गाडी घ्यायला आलेला माणूस काय विचारतो? इंजिन कसं आहे, तेल किती पितं, टायर कधीचे. यांनी त्यातलं एक विचारलं नाही. भिंगरी माझ्या व्हॅनमध्ये पुढे बसते की मागे? खिडकी उघडी असते का? मी वळणावर वेग किती ठेवतो? सीटवर कव्हर कसलं आहे? मग म्हणाले, जरा आत बसून बघू का? बसले, दार लावून घेतलं आणि डोळे मिटून चक्क वास घेत राहिले. मी बाहेर पान्हा हातात धरून उभा. नंतर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पट्ट्याचं कुलूप दोनदा लावलं, दोनदा काढलं. तेव्हा माझी खात्रीच पटली. आपल्यात ठरलंय की रविवार माझा. सकाळी मी तिला घेऊन जातो, संध्याकाळी आणून सोडतो. कुठल्या कागदावर तसं नाही, तुझ्या शब्दावर चाललंय. व्हॅन कळकट आहे, धोक्याची आहे, असं यांनी घरी जाऊन सांगायचा अवकाश, की माझा रविवार गेला. आणि भिंगरीतलं माझ्या वाट्याला तेवढंच आहे.

मग मीही वाकडीच उत्तरं दिली. बसते कुठेही, खिडकी असते कधी उघडी कधी बंद. ते मान हलवत राहिले. शिवाय माझ्याकडेही एक हुकमाचं पान होतं, ते मी तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. रविवारी पोरगी माझ्याकडे येते ती भुकेने व्याकूळ होऊन. घरात पाऊल टाकलं की पाव, अंडी, दूध, समोर येईल ते संपवते. बघणाऱ्याला वाटावं, आठवडाभर हिला कोणी विचारलं नसेल. आणि दुपार कलली की तोंडाला कुलूप. आइस्क्रीम पुढे केलं तरी नको म्हणते. मी त्याचा सरळ अर्थ लावला होता. सकाळी तुम्ही नवरा-बायको उशिरापर्यंत लोळता, लेकराला खायला कोण देणार? आणि संध्याकाळी माझ्या हातचं खाऊ नकोस अशी तिला ताकीद आहे. दोन्ही बाजूंनी दोष तुमचाच निघत होता, त्यामुळे मला त्यात काही तपासावंसं वाटलं नाही. पुढच्या भांडणात वापरायचं, एवढंच ठरवलं होतं.

तर गाड्या बघायला सुरुवात झाली. पहिली मी बॉनेट उघडायच्या आधीच परत पाठवली, डावी बाजू नव्याने रंगवलेली उन्हात उघड दिसत होती. दुसरीचा मीटर मागे फिरवलेला. पायाखालचं रबर झिजून गुळगुळीत आणि मीटर म्हणतोय गाडी कालच शोरूममधून आली. तिसरी मात्र स्वच्छ निघाली. मला ते सहन होईना. दिवसभर शोधलं, लिफ्टवर चढवली, सीट उचलून खाली टॉर्च मारला, काही सापडेना. एवढी निर्मळ गाडी कोणी विकायला का काढेल, हाच मोठा संशय. विकणाऱ्या बाईंना मी इतके प्रश्न विचारले की त्या म्हणाल्या, तुम्हाला गाडी बघायचीय की माझी सोयरीक जमवायचीय? आणि हे सगळं चालू असताना तुझे हे काय करत होते? प्रत्येक गाडीत मागे जाऊन, पाय पोटाशी घेऊन, मान खिडकीच्या काचेएवढी खाली करून बसायचे. लहान मुलाच्या उंचीला येऊन. मला वाटलं, यांचा स्क्रू ढिला आहे.

शेवटी मी वैतागून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. तुम्हा दोघांच्या गाडीत भिंगरीला उलट्या होतात. शाळेपर्यंत नेलं तरी होतात, आजीकडे नेलं तरी होतात. खिडकी उघडून झाली, लिंबू हुंगवून झालं, डॉक्टर झाले. आणि माझ्या व्हॅनमध्ये मात्र इतक्या रविवारांत एकदाही नाही. म्हणून ते माझी व्हॅन हुंगत होते. तिला मानवेल अशी गाडी घ्यायची आणि ती कशी असते ते मला विचारायचं, एवढ्यासाठी दुकान बंद ठेवून आले होते. सरळ का नाही विचारलंत, म्हटलं. तर म्हणाले, तुम्हाला वाटेल मी तुमच्या रविवारात नाक खुपसतोय.

आता तुला खरं सांगतो, त्या दिवशी मी असा काही फुगलो की विचारू नकोस. तुझ्या नव्या घरात सगळं आहे, पण पोरीच्या पोटातलं पाणी हलत नाही ते माझ्याच खटाऱ्यात. त्यांना समोर बसवून मी शिकवणीच घेतली. काच मोठी हवी, सीट उंच हवी, गाडी फार मऊ हलता कामा नये, चालवणाऱ्याचा ब्रेकवरचा पाय हलका हवा. आणि पोरीला चालवणाऱ्यावर विश्वास हवा, हे जरा मोठ्याने म्हटलं. ते सगळं मान डोलावून ऐकत होते. तिसऱ्या गाडीत हे सगळं होतं. मग ठरलं की रविवारी भिंगरीला घेऊनच चालवून बघायची.

तो हा परवाचा रविवार. मी गाडी घेऊन तुमच्या दाराशी आलो, ती पुढे माझ्या शेजारी बसली, तुझे हे मागे. भिंगरी त्यांना 'अहो' म्हणते हे मला तोवर माहीत नव्हतं. तू हाक मारतेस तीच तिने उचललीय. मला लग्नाची सगळी वर्षं अरे-तुरे केलंस आणि इथे एकदम अहो. असू दे. धरणापर्यंत गेलो, वाटेत वळणंच वळणं, पोरगी टुणटुणीत. मी आरशातून मागे बघून भुवया उडवल्या. तिथे बाकावर बसल्यावर त्यांनी पिशवीतून बन काढला. ती नको म्हणाली. ते म्हणाले, अगं, सकाळपासून पोटात काही नाही. मी लगेच कान टवकारले, म्हटलं आता सापडले. म्हटलं, का हो, सकाळी देत नाही वाटतं काही? तर ते गोंधळून म्हणाले, रविवारी ती कधीच खात नाही, बाबांकडे खाईन म्हणते, आम्हाला वाटायचं तुमच्याकडे खास काही बेत असतो. भिंगरी चपलेने माती उकरत होती. मान वर करेना.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, परत जाताना मी मागे तुझ्याशेजारी बसतो, खा तू. तिने विचारलं, ही गाडी बाबांची नाही ना? नाही, म्हणाले. नक्की नाही ना? नक्की नाही. तेव्हा तिने बन घेतला आणि कडेपासून पोखरत सगळा संपवला.

परतीच्या वाटेवर पूल ओलांडायच्या आत तिला उलटी झाली. मी आरशात बघत होतो. तुझ्या ह्यांनी पिशवी आधीच उघडून धरली होती. एक हात तिच्या कपाळाला, दुसऱ्याने केस मागे घेतलेले. अरेरे नाही, शीः नाही, एक शब्द नाही. झाल्यावर तिने त्यांच्या बाहीला तोंड पुसलं आणि मांडीवर डोकं टाकलं, रोजचं असल्यासारखं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, बाबांच्या गाडीत होऊ नये म्हणून उपाशी राहतेस का गं? तिला वाटलं पुढे ऐकू येत नाही. म्हणाली, बाबांनी एका काकांना सांगितलं होतं, पोरानं ओकलेली गाडी मी दारातसुद्धा उभी करणार नाही, तो वास जन्मात जात नाही, घेऊन जा परत. मग मलाही परत पाठवतील ना.

मी ते गिऱ्हाइकाला बोललो होतो, त्यात खोटं काही नव्हतं, असल्या गाडीला खरंच कोणी हात लावत नाही. भिंगरी तेव्हा टायरांच्या ढिगावर बसून पाय हलवत होती. मला वाटायचं तिला तिथे मजा येते. ती माझं काम बघत होती आणि मी काय काय परत पाठवतो ते लक्षात ठेवत होती. उरलेला रस्ता मी कसा चालवला ते सांगता येणार नाही. ह्यांचा मला हेवा वाटला, अगदी जळफळाट झाला, आणि मग नुसतं रडू आलं, ते मी धुळीवर ढकललं. त्यांच्यापुढे तिला आजारी पडता येतं. माझ्याकडे ती पाहुण्यासारखी वागते. त्यात माझ्या व्हॅनचा काही पराक्रम नव्हता.

गाडी घ्या. तीच, तिसरी. चांगली आहे, माझा शब्द. उलट्या तिच्यातही होतील, त्या कुठल्याही गाडीत होतील. वाढत्या वयात आपोआप थांबतात म्हणे. मागच्या डाव्या दाराची बिजागरी करकरते, ती मी बघून देतो. तुमच्याकडून पैसे घेणार नाही, यावरून वाद घालू नकोस.

आणि आता ज्यासाठी कागद काळे केले ते. मी ऐकलंय हे भिंगरीला माहीत नाही, कळू देऊ नकोस, ती ओशाळेल आणि आणखी सावध होईल. व्हॅनमध्ये काहीही झालं तरी चालेल असं मी नुसतं सांगून तिला पटायचं नाही, ते घडूनच पटेल. तेव्हा येत्या रविवारी तिला पोटभर खाऊ घालून पाठव. नाही म्हणाली तर तू शेजारी बस, गोडीगुलाबीने भरव, पण उपाशी पाठवू नकोस. आणि तुझ्या ह्यांना एक विचारून ठेव. पिशवी त्यांनी आधीच उघडली होती, म्हणजे तिला होणार हे त्यांना अगोदर कळतं. ते कशावरून कळतं? ती गप्प होते, जांभई देते, की आणखी काही? आणि कपाळाला हात नुसता लावायचा की दाबून धरायचा? मला हे त्यांना तोंडावर विचारवलं नाही, जीभच रेटेना. मला माझ्या लेकीचं हे माहीत नाही. त्यांना म्हणावं, सगळं नीट सांगा, माझी चूक व्हायला नको. तिने माझ्या गाडीत एकदा न घाबरता ओकावं, एवढंच मला हवंय.

तुझा म्हणायची सोय राहिली नाही, तेव्हा
भिंगरीचाच,
बाबा