शिक्का आईच्या हातावर

तळा गावाजवळून, १२ जून २०२०

ती. सुचिता मावशीस,
मृणालीचा सा. न. वि. वि.

वादळाने टॉवर पाडलाय, म्हणून फोनऐवजी हे पत्र, भाजीच्या टेम्पोवाल्या दिपेशबरोबर. मी राहीला घेऊन मुंबईहून सासरी आले. ऋत्विक तिकडेच कामावर अडकला, म्हणून आम्ही मायलेकीच. वेशीवर माझ्या हातावर विलगीकरणाचा शिक्का मारला. चार महिन्यांच्या राहीच्या हातावर तो मावेना, म्हणून तिला सोडलं. तेवढ्यावरून माझे चुलत सासरे, गावच्या कोरोना समितीचे बाबाजीकाका, म्हणाले की शिक्का सुनेच्या हातावर हाय, पोरीच्या न्हाय. सून शाळेत ऱ्हाईल, पोर घरला जाईल. मी तिला पाजते, म्हटलं, तर म्हणाले, दुधातूनच रोग जातो, मोबाईलवर आलं व्हतं.

मला ना ताप, ना खोकला. वर्गात एकटी आहे. दूध पिळून टाकते, तर काका त्यावर जंतुनाशक पावडर मारायला लावतात. सासूबाई राहीला बाटलीने डब्याचं दूध देतात, ती ओकते. माझं दूध रोज कमी येतंय. मावशी, माझ्या दुधातून तिला खरंच काही झालं तर? कधी वाटतं, काकांचंच बरोबर असेल.

घाबरलेल्या भाचीवर लोभ ठेव आणि खरं तेच लिही.
मृणाली

अलिबाग, १४ जून

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता चहा निवला, मी मात्र तापले. धूर दिसला की अग्नी असतो, हे अनुमान मी वर्षानुवर्षं संस्कृतच्या वर्गात घोटून घेतलं. शिक्का दिसला की रोग असतो, हे तुझ्या काकांचं तर्कशास्त्र आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. आईच्या मांडीवर बसून आलेली पोर वेशीवर एकाएकी निराळी कशी झाली, हे समितीतल्या एकाही विद्वानाला विचारावंसं वाटलं नाही?

मी काही वैद्य नव्हे. म्हणून मास्क लावून इथल्या बालरोगतज्ज्ञ हेतलबाईंच्या दारात उभी राहिले. त्या म्हणाल्या, दुधातून हा आजार बाळाला गेल्याचं दिसून आलेलं नाही. आई आजारी असली तरी साबणाने हात धुऊन, मास्क लावून पाजावं; तू तर ठणठणीत आहेस. बाळ ओढत नाही म्हणून दूध कमी होतंय. ती तुझ्याजवळ येईतोवर पुन्हा पुन्हा हाताने काढ आणि स्वच्छ भांड्यातून घरी पाठव. वाटी-चमच्याने पाजू देत. फेकू नकोस.

आणि ती पावडर! लेकराच्या ताटात कुणी असली पावडर टाकली असती तर गाव काठ्या घेऊन उठलं असतं. इथे सगळे शहाणे नाकाला रुमाल लावून बघत उभे!

तू लहानपणी माझे खडू खाऊनही धडधाकट वाढलीस, तेव्हा स्वतःच्या अंगावर थोडा विश्वास ठेव. हे पत्र खिडकीतून सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव. बाबाजींच्या कानी गेलं तर माझी हरकत नाही.

राग त्यांच्यावर, माया तुझ्यावर. कळावे.
सुचिता मावशी

तळा गावाजवळून, १९ जून

ती. मावशीस,
सा. न.

पत्र वाचून दाखवलं. सासूबाई ऐकून तशाच निघून गेल्या. वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी त्या राहीला कडेवर आणि गोधडी काखेत घेऊन आल्या. काका पायरीवर आडवे आले. सासूबाईंनी पोर त्यांच्याच हातात दिली आणि म्हणाल्या, भावजी, सकाळपास्नं हिच्या पोटात घोटभर बी टिकलं न्हाय, तुमची कमिटी पाजते का बघा. राही त्यांच्या शर्टावर ओकली. काका बाजूला झाले. समितीचा स्वयंपाक सासूबाईच करायच्या. आता त्या आमच्याबरोबर वर्गातच मुक्कामाला आहेत, तेव्हा समिती काय जेवते देव जाणे.

पण मावशी, राहीने तोंड फिरवलं. तिला बाटलीची सवय लागली होती. धरायची, सोडायची, किंचाळायची. मीही रडले. सासूबाई म्हणाल्या, रुसली न्हाय गं, इसरलीय, आठवंल. काल दुपारी एकदाची ओढायला लागली, आणि ओठांवर दूध तसंच ठेवून झोपली.

आज काका खिडकीशी आले. म्हणाले, झालं गेलं इसर. मी सांगितलं, राही विसरेल, ती लहान आहे.

तुझी,
मृणाली