ताई पीत नाही

४ जून

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

फोन करणार नाही. फोनवर तू आवाज छान सांभाळतोस. अक्षर तुला सांभाळता येत नाही, म्हणून उत्तर पत्रानेच दे. मागचं पत्र तू बसमध्ये उभ्याने लिहिलंस की काय, असं मला वाटलं.

तुझ्या बायकोने सगळं सांगितलं. थिनरच्या डब्यात थिनर नसतं. नव्या दवाखान्याच्या पाटीवर ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द तू असा थरथरत रंगवलास, की पेशंट दारातूनच परत फिरले. आणखी एक वाकडी पाटी झाली तर ब्रश ठेवून घरी जायचं, असं तुझे मालक म्हणाले.

गुरुवारी वाचनालयाच्या माडीवर दारू सोडणाऱ्यांची सभा असते. तिथे जायचं कबूल केलंस आणि आता म्हणतोस, कसली माणसं येतात कोण जाणे. ठीक आहे, मी आधी बघून येते. शाळेत पर्यवेक्षिका होते मी. मागच्या बाकावर जरा वेळ बसले की मला वर्ग कळतो.

जिवाला जप. लोभ आहेच, तो गृहीत धरू नकोस.

तुझी
ताई

९ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कृपा करून जाऊ नकोस. तू तपासायला गेलेल्या जागी मला नंतर तोंड दाखवता येत नाही. माझं लग्न ठरताना तू मुलीकडच्यांची उजळणी घेतली होतीस, ते सासरे अजून विसरलेले नाहीत.

शिवाय तिथला जिना उभा आहे, खिडकीतून वारा येतो, आणि गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या असल्यामुळे कुणीतरी ओळखणारच. आणि मला सभा हवी कशाला? मनात आणलं की मी सोडतो. सोमवारीच सोडली होती. मंगळवारीसुद्धा.

हे पत्र टेबलावर नीट बसून लिहिलं आहे. टेबल हलतं.

रागावलीस तरी माया कमी करू नये.

तुझा
ढब्बू

१४ जून

चि. ढब्बूस आशीर्वाद, पण दात ओठ खाऊन.

माडीवर दोन खोल्या समोरासमोर. कुठेही पाटी नाही. उजवीकडे खुर्च्या नीट मांडलेल्या दिसल्या, म्हणून मी उजवीकडे बसले. सभा चालवणारे गृहस्थ दंतवैद्य आहेत. लोकांना तोंड उघडायला लावणं त्यांच्या अंगवळणी पडलंय. मला आडनाव विचारलं नाही. मी ताई म्हणून सांगितलं, तर टाळ्या! माझ्या पहिल्या दिवसाबद्दल! अरे, जन्मात मी खोकल्याच्या औषधापलीकडे गेलेली नाही!

मी पीत नाही असं स्पष्ट सांगितलं. सगळ्यांनी मायेने माना डोलावल्या. आवाज चढवून पुन्हा सांगितलं, तर एका बसचालकाने डोळे पुसले आणि म्हणाला, पहिल्या दिवशी आपणही अगदी असंच ओरडलो होतो. उठून जायचं, तर लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलंय, कुणी मन मोकळं करत असताना खुर्ची सरकवायची नाही. तिथे तर एकामागून एक मन मोकळं करतच होते.

आता एक धिप्पाड नर्सबाई माझी पाठराखीण नेमली आहे. रोज संध्याकाळी फोन करून विचारते, ताई, आज घेतली नाहीत ना?

माणसं बरी आहेत, हे नाइलाजाने कबूल करते. पण तू येत्या गुरुवारी तिथे जा, उभा राहा आणि सांग, की पिणारा तू आहेस. माझी अब्रू तुझ्या हातात आहे. तो थरथरत असला तरी.

संतापलेली, तरीही
तुझीच ताई

२७ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

गेलो. फक्त तुझी अब्रू सोडवायची आणि निघायचं, असं ठरवून गेलो. उभा राहिलो आणि म्हणालो, ताई पीत नाही, पितो तो मी.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दंतवैद्य हळूच म्हणाले, हे वाक्य म्हणायला त्यांना स्वतःला फार वर्षं लागली होती. मला जिना गाठायचा होता, पण बसचालकाने हातात चहा दिला. कप दोन्ही हातांनी धरावा लागला. कुणी माझ्या हातांकडे पाहिलं नाही, ताई. घरी सगळे तेच पाहतात. म्हणून बसलो. काल पुन्हा गेलो.

मधे एकदा घसरलो, तेही सांगून टाकतो. तिथे सांगितलंच आहे. थिनरच्या डब्यात आता थिनर आहे. बायकोने वास घेऊन खात्री केली.

आणि एक. तू चुकीच्या खोलीत बसली होतीस. समोरची खोली घरच्या माणसांची आहे. तुझी खुर्ची तिथे आहे.

जशी आहेस तशीच राहा, थोडी कमी ओरड.

तुझा
ढब्बू

१९ जुलै

चि. ढब्बूस अनेक उत्तम आशीर्वाद.

गेले होते. या वेळी दारावर पाटी होती, निळ्या रंगात: ‘घरची मंडळी इथे’. मी चष्मा लावून पाहिली. ‘मंडळी’ची वेलांटी किंचित कापते. बाकी अक्षर सरळ आहे. मालकांना दाखव. खात्री करायला बोट लावलं, तर रंग ओला होता.

आत नियम असा, की भावाबद्दल नाही, स्वतःबद्दल बोलायचं. माझी पाळी आली आणि मला एक शब्द सुचला नाही. तू हसशील, हस. पुढच्या गुरुवारी पुन्हा जाणार आहे.

बोट अजून निळं आहे. घासलेलं नाही.

पत्र लिही, अक्षर बघायचं आहे. लोभ वाढता आहे, हे लेखी देते.

तुझी
ताई

ता. क. – नर्सबाईंना सगळं खरं कळलं, तरी सवयीने फोन करतात. मी सांगते, आजही घेतली नाही. त्या शाबास म्हणतात. शाळेत इतकी वर्षं काढली, तिथे मला कुणी शाबास म्हटलं नव्हतं.